पडद्याच्या ऑपरेशननंतर डोळ्यात गॅस असेल तर…

डोळ्याचा पडदा सुटला किंवा त्याला छिद्र पडलं की ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा आत गॅसचा बुडबुडा सोडतात. तो पडद्याला आतून दाबून धरतो. बुडबुडा नेहमी वर चढतो, म्हणून काहींना पालथं झोपायला किंवा मान खाली घालून बसायला सांगतात. किती दिवस आणि कोणत्या कुशीवर, हे डिस्चार्जआधीच कागदावर लिहून घ्या. टेबलावर दोन उशा, मध्ये तोंडापुरती फट आणि शेजारी मोबाईलवर कीर्तन. वेळ जातो, मान मात्र अवघडतेच.

सुरुवातीला त्या डोळ्याला जेमतेम हात हललेला कळतो. घाबरू नका. गॅस विरू लागला की अर्ध्या भरलेल्या बाटलीतल्या पाण्यासारखी एक हलती रेघ दिसते आणि रोज थोडी खाली सरकते. शेवटी तळाशी गोटीएवढा बुडबुडा डुचमळत राहतो. एसएफ६ गॅस साधारण २-३ आठवडे टिकतो, सी३एफ८ सहसा ६ ते ८. गॅसऐवजी सिलिकॉन तेल घातलं असेल तर ते विरत नाही, बहुधा पुन्हा ऑपरेशन करून काढतात.

गॅस असेतो विमान पूर्ण बंद. उंचीवर तो फुगतो, डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. घाट चढायचा तरी आधी डॉक्टरांना विचारा; पुण्याहून महाबळेश्वर सुमारे ८०० मीटर वर आहे. दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्याला गॅसबद्दल सांगा, नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालत नाही.

दुखणं वाढलं, उलटी झाली किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर रात्री दोन वाजलेले असले तरी फोन करा.