आपल्या संकेतस्थळासाठी वेब सर्व्हर निवडताना

वेब सर्व्हर म्हणजे संकेतस्थळाची पाने ब्राउझरला पाठवणारा प्रोग्राम. ‘सर्वांत वेगवान सर्व्हर कोणता?’ हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. माझ्या मते तो शेवटी विचारावा. स्थळ कशावर चालते, यंत्राची मेमरी किती आहे आणि अपरात्री बिघाड झाल्यास सेटिंग्ज कोण पाहणार, हे आधी कागदावर लिहून काढावे.

वर्डप्रेससारखे, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालणारे स्थळ घेऊ. १९९५ पासून वापरात असलेल्या अपाची या वेब सर्व्हरमध्ये प्रीफोर्क पद्धतीने पीएचपी चालवल्यास प्रत्येक जोडणीमागे एक प्रोसेस (प्रोग्रामची चालू प्रत) अडकते, आणि पीएचपी तिच्या पोटातच असल्यामुळे साधे चित्र पाठवतानाही ती सगळी मेमरी धरून बसते. एका प्रोसेसला ५० एमबी लागत असतील, तर १ जीबी मेमरीच्या यंत्रावर डेटाबेसची जागा वगळता जेमतेम दहा-बारा प्रोसेस मावतात. प्रीफोर्कमध्ये प्रोसेसची मूळ मर्यादा मात्र २५६ असते. ती तशीच राहू दिली, तर गर्दीच्या वेळी मेमरी संपते, स्वॅप (मेमरीऐवजी संथ डिस्कचा वापर) सुरू होते आणि स्थळ ठप्प होते. म्हणून अपाची सोडलाच पाहिजे असे नाही. एका प्रोसेसमध्ये अनेक जोडण्या सांभाळणारी इव्हेंट पद्धत आणि पीएचपी सर्व्हरबाहेर वेगळे चालवणारे पीएचपी-एफपीएम वापरल्यास ही अडचण बरीच दूर होते.

इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मोजक्या प्रोसेसमध्ये हजारो जोडण्या सांभाळतो. चित्रे, स्थिर पाने किंवा मागे नोड वा पायथनचे ॲप्लिकेशन असेल, तर मी तोच निवडतो. मात्र अपाची ज्यातून फोल्डरनिहाय नियम घेतो ती एचटीॲक्सेस फाइल तो वाचत नाही, आणि अपाचीवरून त्याच्याकडे स्थलांतर करताना खरा धोका येथेच आहे. पर्मालिंक (पानांचे कायमचे पत्ते) तुटल्या तर लगेच कळते. पण बॅकअपचा फोल्डर त्या फाइलमधील नियमाने बंद केलेला असेल, तर तो कोणतीही सूचना न देता जगाला खुला होतो. त्यामुळे प्रत्येक नियम नव्या सेटिंग्जमध्ये हाताने उतरवावा आणि बंद असायला हवेत ते पत्ते ब्राउझरमध्ये स्वतः उघडून पाहावेत. शिवाय एनजिनएक्समध्ये अपलोडची मूळ मर्यादा १ एमबी असते. मोबाइलवरचा फोटो चढवताना ४१३ क्रमांकाची त्रुटी दिसली, तर पीएचपीच्या सेटिंग्जआधी ही मर्यादा तपासावी.

देखभालीला माणूस नसेल, तर कॅडी या वेब सर्व्हरचा विचार अवश्य करावा: डोमेन सर्व्हरकडे वळवलेले असले की तो एचटीटीपीएसचे (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र स्वतः मिळवतो आणि मुदतीपूर्वी त्याचे नूतनीकरणही करतो. विंडोजवरील एएसपी डॉट नेटच्या जुन्या प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हरच सोयीचा.

सामायिक होस्टिंगवर (एकाच यंत्रावर अनेकांची स्थळे असतात तेव्हा) ही निवड सहसा आपल्या हाती नसते. सर्व्हरचे यंत्र स्वतःचे असेल, तर आपल्याच स्थळाची प्रत चाचणीच्या यंत्रावर ठेवून, गर्दी वाढवत मेमरी आणि प्रतिसादाचा वेळ मोजावा. पान तरीही सावकाश उघडत असेल, तर सर्व्हर बदलण्याआधी डेटाबेसच्या क्वेरी (माहितीच्या मागण्या) आणि कॅशे (तयार पानांची तात्पुरती साठवण) तपासावेत.