जिंकल्यानंतरचं दीड वर्ष: ग्रुपमध्ये गाऊ पाहणाऱ्यांसाठी

ग्रुपमध्ये गाणाऱ्या नव्या मुलामुलींच्या डोक्यात एकच विषय असतो, ब्रेक. कुठली स्पर्धा, कुठला चॅनल, कुणाची ओळख. मी कोरस गाता गाता ग्रुपचे आवाज एकमेकांशी जुळवण्याच्या कामात शिरले आणि आता त्यातच रमले आहे. हा विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं असतं: ॲबा या चौघांच्या स्वीडिश पॉप ग्रुपचं १९७४ आणि १९७५ साल नीट वाचून या, मग बोलू. त्यांची गाणी बहुतेकांनी ऐकलेली असतात, युरोव्हिजन ही देशादेशांमधली गाण्यांची टीव्ही स्पर्धा जिंकल्याची गोष्टही कानावर असते. पण जिंकल्यावर त्यांचं जवळजवळ दीड वर्ष कसं गेलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी एक गैरसमज. हे चौघं एका रात्रीत कुठून तरी उगवले नव्हते. बेनी अँडरसन 'हेप स्टार्स' या स्वीडनमधल्या गाजलेल्या बँडचा कीबोर्डवादक होता. ब्यॉर्न उल्वेउस 'हूटेनॅनी सिंगर्स'मध्ये लोकगीतांच्या वळणाचं गात होता. आग्नेथा फेल्टस्कोगनं स्वतः रचलेलं गाणं १९६८ मध्ये स्वीडनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, तेव्हा तिला अठरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. आनी-फ्रीद लिंगस्टाड, म्हणजे फ्रिडा, शाळकरी वयापासून डान्स बँडबरोबर गायची. ३ सप्टेंबर १९६७ ला ती एक गायनस्पर्धा जिंकली आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर झळकली. स्वीडननं रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाड्या चालवणं सोडून उजवी बाजू धरली तो हाच दिवस. लोकांना घरीच थांबायला सांगितलेलं, त्यामुळे टीव्हीपुढे अख्खा देश. असा योग मागून मिळत नाही, पण त्या दिवशी गळा तयार होता हे महत्त्वाचं.

एवढी तयारी असूनही चौघांनी एकत्र केलेला पहिला कार्यक्रम, १९७० चा 'फेस्टफोल्क' नावाचा कॅबरे, पडला. १९७३ मध्ये 'रिंग रिंग' घेऊन ते स्वीडनच्या निवड फेरीत उतरले आणि तिसरे आले. युरोव्हिजनला दुसरंच कुणी गेलं. गंमत म्हणजे तेच गाणं नंतर युरोपातल्या बऱ्याच देशांत चाललं.

पुढच्या वर्षीचा निर्णय मात्र प्रत्येक ग्रुपनं नीट समजून घ्यावा असा आहे. हाताशी दोन गाणी होती. एक 'हास्ता मान्याना', संथ, गोड, आणि मुख्य आवाज एकट्या आग्नेथाचा. दुसरं 'वॉटरलू', ज्यात दोघी बरोबरीनं पुढे गातात. तेव्हाच्या युरोव्हिजनच्या वळणाला पहिलं गाणं जास्त जवळचं होतं. तरी त्यांनी 'वॉटरलू' निवडलं, कारण त्यात ग्रुप दिसत होता. स्पर्धेसाठी गाणं निवडताना आपल्यातल्या सर्वात चांगल्या गळ्याचं गाणं काढायचा मोह होतोच. अशानं परीक्षकांच्या लक्षात एक गायिका आणि तिच्या मागचे तिघं एवढंच राहतं, आणि उद्या तिलाच एकटीला बोलावणं येतं. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसरा फायदा नियमाचा झाला. आपल्याच देशाच्या भाषेत गायची अट १९७३ पासून उठली होती, त्यामुळे ६ एप्रिल १९७४ ला ब्रायटनमध्ये त्यांना इंग्रजीत गाता आलं. १९७७ मध्ये ती अट परत आली. खिडकी थोडाच काळ उघडी होती, हे बरोबर तयार होते. त्यांचा ऑर्केस्ट्रा चालवणारा संगीतकार नेपोलियनचा वेश करून आला होता, कपडे झगमगीत होते, आणि २४ गुणांवर ते जिंकले. ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यांना एकही गुण दिला नव्हता. त्याच ब्रिटनमध्ये 'वॉटरलू' पुढच्या महिन्यात यादीत पहिलं आलं!

आता ते दीड वर्ष. ब्रिटनमध्ये पुढचं गाणं म्हणून 'रिंग रिंग' नव्यानं मिक्स करून काढलं, ते ३२ व्या क्रमांकावर थांबलं. त्यानंतरचं 'सो लाँग' यादीत आलंच नाही. १९७५ च्या उन्हाळ्यातलं गाणं ३८ वर अडकलं. १९७४ च्या अखेरीला युरोपचा दौरा केला, तर जर्मनी-ऑस्ट्रियात तिकिटं खपेनात, काही कार्यक्रम रद्द करावे लागले. युरोव्हिजनचा विजेता म्हणजे एका गाण्याचा धनी, असा तेव्हा सर्रास समज होता आणि हे चौघं त्याच रांगेत उभे दिसत होते.

माझ्या मते त्यांचं नशीब इथे ठरलं. त्यांनी दुसरं 'वॉटरलू' करायचा नाद सोडला. स्टॉकहोमजवळच्या व्हिग्सो बेटावर एक छोटी केबिन होती, तिथे ब्यॉर्न आणि बेनी गिटार-पियानो घेऊन बसत आणि चाली बांधत. नोकरीला जावं तसं रोजचं काम. त्यातून आलेलं 'एसओएस' १९७५ च्या शेवटी ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि जानेवारी १९७६ मध्ये 'मामा मिया'नं पहिला क्रमांक घेतला. 'डान्सिंग क्वीन'चं काम ऑगस्ट १९७५ मध्ये सुरू झालं आणि गाणं बाहेर आलं ऑगस्ट १९७६ मध्ये. वर्षभर एक गाणं हातात ठेवून घासत बसायचं, तेही लोक आपल्याला विसरतील ही भीती असताना. नव्या ग्रुपना मी सांगते की पहिलं गाणं बाहेर सोडायच्या आधी पुढची दोन तरी अर्धीमुर्धी तयार असू द्या. गाणं चाललं की फोन वाजायला लागतात, आणि त्या गडबडीत चाल सुचत नाही.

आता माझा खरा विषय, आवाज. ॲबाच्या गाण्यांत दोन बायका गाताहेत असं वाटत नाही, एक तिसराच आवाज ऐकू येतो. आग्नेथाचा गळा उंच आणि स्वच्छ, फ्रिडाचा जरा खालचा, भरीव. दोघींना बऱ्याचदा त्यांच्या सोयीच्या पट्टीपेक्षा वर गायला लावलेलं असे. त्यामुळे आवाजाला ताण येतो आणि तोच चमकतो. मग साउंड इंजिनिअर मायकेल ट्रेटोवचं काम. तो तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायचा आणि प्रत्येक थराच्या वेळी टेपचा वेग अगदी किंचित बदलायचा. त्यामुळे सूर केसाच्या अंतरानं सरकतो, आणि दोन गळ्यांचा घोळका होतो. ही युक्ती 'रिंग रिंग'पासूनची. आज हे सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर होतं, म्हणून फसू नका. बटण आवाज वाढवतं, जुळवत नाही.

जुळवणं गाणाऱ्यांनाच करावं लागतं, आणि ते बरंचसं बारकाव्यांचं काम आहे. माझ्याकडे नवा ग्रुप आला की पहिले काही दिवस हार्मनी, म्हणजे वेगवेगळ्या सुरांत एकत्र गाणं, बंद. दोघांनी एकाच माइकसमोर एकच ओळ, एकाच सुरात गायची. सूर लागलेला असतो, तरी आवाज फुटका येतो. कारण 'आ' वेगळा असतो. एकीचं तोंड उभं उघडतं, दुसरीचं आडवं. स्वरांचा आकार एक झाला की अचानक दोघींच्या मध्ये कुणी उभं आहे असं वाटायला लागतं. दुसरी गोष्ट शेवटच्या व्यंजनाची. ओळ 'स'वर संपत असेल आणि चौघांनी तो 'स' चार वेगळ्या क्षणी सोडला, तर रेकॉर्डिंगमध्ये नुसतं फुसफुसणं ऐकू येतं. आम्ही 'स' एकाच्या नावावर टाकतो, बाकीचे तो गिळतात. श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा कागदावर हव्यात, 'आपोआप जमेल' चालत नाही. आणि हेडफोनचा एक कान थोडा बाजूला सरकवून गा, स्वतःचा खोलीतला आवाज ऐकू आला की सूर कमी घसरतो.

तालमीत सगळ्यात अवघड जाते ती मागे राहायची तयारी. 'वॉटरलू'मध्ये दोघी पुढे, पण 'एसओएस'मध्ये आग्नेथा पुढे आहे आणि 'फर्नांडो'मध्ये फ्रिडा. गाणं कुणाच्या गळ्याला शोभतं यावर ठरायचं. पाळीपाळीनं वाटून घेतलेली मुख्य ओळ लगेच ओळखू येते आणि ऐकवत नाही.

व्यवहाराची बाजू सांभाळणारा होता त्यांचा मॅनेजर स्टिग अँडरसन, 'पोलर म्युझिक'चा मालक. तो गाण्यांचे शब्दही लिहायचा. त्यानं साऱ्या जगाचे हक्क एकाच मोठ्या कंपनीच्या गळ्यात घातले नाहीत. ब्रिटनमध्ये एक कंपनी, अमेरिकेत दुसरी, ऑस्ट्रेलियात तिसरी, असे देशागणिक वेगळे करार केले. डोकेदुखी जास्त, पण प्रत्येक देशात गाणं लावून धरणारं कुणीतरी असायचं. आणि जिथे जाणं परवडत नव्हतं तिथे फिल्म पाठवली. दिग्दर्शक लासे हॉलस्ट्रॉमनं थोडक्या खर्चात केलेल्या त्या फिती ऑस्ट्रेलियाच्या 'काउंटडाउन' या टीव्ही कार्यक्रमात लागल्या, 'मामा मिया' तिथे दहा आठवडे पहिलं राहिलं, आणि ग्रुप प्रत्यक्ष दौऱ्यावर पोचला तो थेट १९७७ मध्ये. तोवर तिथली पोरं त्यांचे कपडेसुद्धा पाठ करून बसली होती. कपड्यांवरून आठवलं: रोज घालता येणार नाहीत असे कपडे असतील तरच स्वीडनमध्ये त्यांच्या खर्चावर करसवलत मिळायची, असं ब्यॉर्ननं नंतर सांगितलं आहे. चमकीमागे हिशोबही होता तर.

आंतरराष्ट्रीय म्हणजे सगळीकडे सारखं, असंही समजू नका. ब्रिटनमध्ये त्यांची नऊ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत एकच, 'डान्सिंग क्वीन', तेही एप्रिल १९७७ मध्ये. तिथला दौरा १९७९ पर्यंत लांबला.

ग्रुपमधल्या नात्यांबद्दल विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. दोन जोडपी होती, दोन्ही मोडली. १९७९ च्या सुरुवातीला आग्नेथा आणि ब्यॉर्न वेगळे झाल्याचं जाहीर झालं, १९८१ मध्ये फ्रिडा आणि बेनी. तरी १९८२ पर्यंत चौघं एकत्र रेकॉर्डिंग करत होते. ते कसं निभावलं हे त्यांचं त्यांना माहीत, मी त्यातून एवढंच घेते की कामाची वाटणी आधीपासून स्पष्ट होती: चाल कुणाची, शब्द कुणाचे, मिक्सवर शेवटचा शब्द कुणाचा. तुमच्या ग्रुपमध्ये हे सगळं अजून तोंडी असेल तर एका संध्याकाळी बसा आणि लिहून काढा. गाणं कुणाच्या नावावर नोंदवायचं, स्टेजचे पैसे कसे वाटायचे, एक जण सोडून गेला तर त्यानं बसवलेली हार्मनी बाकीच्यांनी गायची की नाही. दोस्तीत हे विचारायला जड जातं, वकिलाकडे विचारायला त्याहून जड जातं.

आणि नाव. ॲबा म्हणजे चौघांच्या नावांची पहिली अक्षरं, पण स्वीडनमध्ये त्याच नावाची मासे डबाबंद करणारी एक कंपनी आधीपासून होती. त्यांनी कंपनीची परवानगी घेतली, मगच नाव वापरलं. पोस्टर छापायच्या आधी तुम्हीही ते नाव दुसऱ्या कुणाचं नाही ना, बघून घ्या.