गणपती-दिवाळीचं सामान असं ठेवा

विसर्जन झालं की मखर, तोरणं, माळा सगळं एकाच खोक्यात कोंबू नका, सणाप्रमाणे वेगळे डबे करा आणि नाव झाकणावर नाही तर डब्याच्या बाजूला लिहा, म्हणजे एकावर एक ठेवले तरी वाचता येतं. मखर सुटं करायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, स्क्रू छोट्या पिशवीत भरून मखरालाच बांधा. लाइटच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा. सेलवाल्या दिव्यांतले सेल काढाच, आत राहिले की गळतात आणि दिवा खराब होतो.

गौरींचे मुखवटे मात्र जपून ठेवा हं, आजीच्या काळातले असतील तर अजूनच! प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट हवेत आत ओल धरते आणि रंग खराब होतो, मऊ सुती कापडात गुंडाळून तोंड वर करून ठेवा, वर काहीही जड नको. जरीच्या साड्याही सुती कापडात, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. मुलांनी शाळेत केलेले कागदी कंदील घडी करून फाइलमध्ये, मागे नाव आणि वर्ष लिहून.