खिडकीच्या गाळ्यावरून ठेकेदाराशी वाजण्याआधी

स्वयंपाकघराची खिडकी बसवायला स्लायडिंगवाला आला, गाळ्याला, म्हणजे भिंतीत खिडकीसाठी सोडलेल्या जागेला, टेप लावली आणि म्हणाला, "काका, वर चार फूट, खाली सहा सूत कमी. कुठलं माप धरू?" बांधकामाचा ठेकेदार शेजारीच उभा होता. "सिलिकॉनमध्ये बसून जाईल हो," तो म्हणाला. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. पहिल्याच पावसात ओट्यावर पाणी आलं. पुढचं सगळं तेव्हा शिकलेलं.

1. वजावट, म्हणजे बिलाच्या मापातून गाळे वगळणं, आधी ठरवा. बिलाच्या वेळी सगळ्यात जास्त आवाज चढतो तो इथेच. चार बाय चारची खिडकी नऊ इंची भिंतीत 12 घनफूट जागा खाते. अशा दहा खिडक्या म्हणजे 120 घनफूट, सव्वा ब्रासला थोडं कमी (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). तेवढ्या न झालेल्या बांधकामाची मजुरी द्यायची का? "ओपनिंग वजा नाही" असं ठेकेदार दर ठरवतानाच हळूच बोलून ठेवतो आणि आपण मान डोलावतो.

प्लास्टरचं गणित वेगळं. बांधकामाची मापं कशी घ्यायची याचं भारतीय मानक आयएस 1200, त्याच्या भाग 12 मध्ये याचा नियम आहे: 0.5 चौरस मीटरपर्यंतचा गाळा वजा होत नाही, 0.5 ते 3 चौरस मीटरचा एकाच बाजूने वजा होतो. त्याहून मोठा दोन्ही बाजूंनी, पण मग आतल्या कडा वेगळ्या मोजतात. आपली चार बाय चारची खिडकी साधारण दीड चौरस मीटर, म्हणजे मधल्या गटातली. तिच्या आतल्या कडांचं प्लास्टर सुमारे 12 चौरस फूट भरतं, आणि न वजा केलेली एक बाजू 16 ची. कडा करायला वेळ जास्त जातो, त्यामुळे प्लास्टरमध्ये एकच बाजू वजा करा, ही ठेकेदाराची मागणी मला रास्त वाटते. सरसकट वजावट नको म्हणणं मात्र मान्य करू नका.

2. माप कच्चं की तयार, ते लिहा. 'खिडकी 4 × 4' एवढं पुरत नाही. गवंडी विटेपासून विटेपर्यंत चार फूट सोडतो, आपल्या डोक्यात चार फुटांची खिडकी असते. ग्रॅनाइटची चौकट आणि तिच्यामागचा माल मिळून अडीच इंच सहज जातात. चौकट लावणार असाल तर गाळा तेवढा मोठा हवा. जमिनीपासून खिडकीची उंचीसुद्धा फरशीच्या वरून धरायची की तिच्याखालच्या कोब्यापासून, ते त्याच कागदावर येऊ दे.

3. प्लास्टरआधी स्वतः मोजा. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी. मग दोन्ही कर्ण. कर्ण जुळले नाहीत तर गाळा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. कड सरळ उभी आहे का ते बघायला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा. लिंटेल, म्हणजे गाळ्यावरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीवर टेकलं आहे का, तेही याच वेळी दिसतं. नंतर सगळं प्लास्टरखाली जातं. खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार हवा.

जुन्या भिंतीत नवा गाळा फोडायचा असेल तर मोजण्याआधी इंजिनिअर बोलवा. जुन्या विटांच्या किंवा कोकणातल्या चिऱ्यांच्या घरात स्लॅबचा भार बहुधा भिंतीवरच असतो. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगीही लागते.

4. थोडे पैसे मागे ठेवा. खिडक्या बसल्यावर बाहेरून पाइपने दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा, आत ओल आली नाही तर शेवटचा हप्ता द्या. हे आधी बोललेलं असावं; काम संपल्यावर काढलं की भांडण होतं.

5. तरी वाजलंच तर काम थांबवा, माणसं हाकलू नका. टेप लावून फोटो काढा, ठेकेदारासमोर तिसऱ्या इंजिनिअरकडून माप घ्या, ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. झालेल्या कामाचे पैसे अडवू नका, बिगाऱ्यांची मजुरी त्यातूनच जाते. तोडगा निघाला नाही तर लेखी नोटीस. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर बोलून बघा.

आमचं तिथवर गेलं नाही. इंजिनिअरने ओळंबा सोडला, दोरी खालच्या कोपऱ्यात भिंतीला घासली, आणि ठेकेदार स्वतःच म्हणाला, "छिन्नी आण रे." कड फोडून नीट करायची मजुरी त्याची, सिमेंट आमचं.