लिनक्स टाकलंत? मग सेटिंगच्या या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार आले. त्यातले काहीजण थोड्याच दिवसांत कंटाळून परत फिरतात. कारण विचारलं तर "लिनक्स किचकट आहे बुवा." खोदून विचारलं, की गाडी बहुतेक वेळा दोन-तीन सेटिंगांवर येऊन अडलेली असते.

सगळं एका दमात बदलू नका

"इन्स्टॉल केल्यावर लगेच करायच्या पंचवीस गोष्टी" छापाची यादी उघडायची आणि त्यातल्या सगळ्या कमांड टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवत सुटायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. थीम, आयकॉन, चार एक्स्टेन्शन एकाच संध्याकाळी टाकलीत आणि दुसऱ्या दिवशी पॅनेल गायब झालं, तर दोष कोणाला द्यायचा? एक बदल करा, दोन दिवस वापरा, मग पुढचा.

इथे टाइमशिफ्टबद्दल, म्हणजे सिस्टिमची त्या वेळची प्रत (स्नॅपशॉट) जपणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, एक गैरसमज आहे. स्नॅपशॉट घेतला म्हणजे सगळं परत आणता येईल असं लोक धरून चालतात. पण टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमच्या फाइल्स जपतं, तुमचं होम फोल्डर सांगितल्याशिवाय घेत नाही. आणि डेस्कटॉपची तुमची सेटिंग्ज तर होममध्येच असतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, लपलेली फोल्डर दिसतील. त्यातलं नावाआधी टिंब असलेलं 'कॉन्फिग' फोल्डर कॉपी करून ठेवा.

घड्याळ साडेपाच तास मागे

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार. रात्री नऊला लिनक्स बंद करून विंडोज उघडावं, तर तिथे दुपारचे साडेतीन! मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स ती जागतिक वेळ म्हणजे यूटीसी समजतं. भारताचा फरक साडेपाच तासांचा, म्हणून चूकही तेवढीच. लोक टाइमझोन बदलून बघतात, वेळ हाताने लावतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड 'सेट-लोकल-आरटीसी' हा पर्याय आणि १ हा आकडा देऊन एकदा चालवा. पुढे 'टाइमडेटसीटीएल' नुसतंच चालवलं, की सिस्टिम इशारा देते: टाइमझोन बदलताना किंवा उन्हाळ्यात घड्याळ पुढे करताना गोंधळ होईल. भारतात घड्याळ मागेपुढे होतच नाही, तेव्हा इथे फारसं बिघडत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात असाल तर मात्र लिनक्सला हात न लावता विंडोजलाच यूटीसी शिकवलेलं बरं.

ड्राइव्हवर लिहिता येत नाही म्हणून सुडो

विंडोजच्या डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही, की लगेच सुडो (पूर्ण अधिकाराने कमांड चालवणं), नाहीतर सगळ्या परवानग्या ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं). रोग दुसरीकडेच असतो. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करूनही ते अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्स तो ड्राइव्ह नुसता वाचण्यापुरता उघडतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. फाइल मॅनेजर सुडोने उघडायची सवय तर लावूच नका. होममधल्या फाइल्स रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य मालकाच्या, नावावर गेल्या, की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येऊ शकतो.

मराठी टायपिंग

उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये 'कीबोर्ड', तिथे 'इनपुट सोर्सेस', अधिकचं चिन्ह, आणि शोधा मराठी. रोमन अक्षरांतून टाइप करायची सवय असेल तर आधी 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज टाका. त्यानंतर लॉग आउट करून परत या. ही पायरी गाळल्यामुळेच "यादीत मराठी दिसतच नाही" होतं.

इंग्रजी यादीतून काढू नका आणि ते पहिलंच ठेवा. नाहीतर टर्मिनलमध्ये कमांड देवनागरीत उमटेल. भाषा बदलायला सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि स्पेस.

माझं मत विचाराल तर इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण कीबोर्डच शिका. विंडोजवर शिकलेलं तसंच्या तसं चालतं. 'दुसऱ्या'मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. साध्या जेने सुरुवात केली तर 'दुसर्‍या' ऐवजी रफार येऊन 'दुसर्या' उमटतं.

अक्षरं बारीक दिसतात म्हणून रेझोल्यूशन कमी करणं

करू नका, सगळाच पडदा धूसर होतो. उबुंटूत 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'लार्ज टेक्स्ट' आहे. ते जास्तच मोठं वाटलं तर 'ट्वीक्स' या ॲपमध्ये अक्षरांचं प्रमाण १.१५ करून बघा.

सगळा दोष तुमचा नाही

काही डिफॉल्ट खरंच विचित्र होते. टचपॅडवर टिचकी मारली की क्लिक होणं ग्नोम या डेस्कटॉपने स्वतःहून चालू ठेवलं ते २०२४ मध्ये, ४६ व्या आवृत्तीत. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर फाइल एकाच क्लिकला उघडायची. दोन क्लिकचं डिफॉल्ट त्याच वर्षी त्याच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीत आलं. उबुंटूच्या डॉकवरच्या (ॲप्सच्या पट्टीवरच्या) आयकॉनवर क्लिक करून खिडकी खाली जात नाही, आणि ते बदलण्याची साधी सोय सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका. त्यासाठी 'डीकॉन्फ एडिटर' लागतं: 'डॅश-टू-डॉक'खाली 'क्लिक-ॲक्शन' शोधा आणि 'मिनिमाइझ' निवडा. तिथे आहात तोवर शेजारच्या सेटिंग्ज चाळवू नका.