क्वार्टझसाइटला पहिला हिवाळा काढायचा तर

ऑक्टोबर उजाडला की अ‍ॅरिझोनात हिवाळा काढायला निघालेल्या आपल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. मिनेसोटा, मिशिगन, न्यू जर्सी. बहुतेक नुकते निवृत्त झालेले, मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, दारात येऊन उभं, मुलं मार्गी लागलेली आणि यंदा बर्फ उपसायचा नाही असं ठरवून मोकळे झालेले. प्रत्येकाची यादीही तयार असते: डिसेंबरात ग्रँड कॅन्यन, मग सेडोना, मग टूसान, जमलंच तर न्यू मेक्सिको. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. पहिल्या हिवाळ्यात फिरू नका, एका जागी बसा.

मुद्दा उंचीचा आहे. अ‍ॅरिझोना म्हटलं की डोळ्यांपुढे ऊन येतं, पण ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड आणि फ्लॅगस्टाफ, दोन्ही 7,000 फुटांच्या आसपास. तिथे जानेवारीत सडकून बर्फ पडतो आणि मोटरहोमचे पाइप एका रात्रीत गोठतात. ऊब हवी असेल तर कोलोरॅडो नदीच्या खालच्या खोऱ्यात या: युमा, पार्कर, क्वार्टझसाइट. क्वार्टझसाइट हजार फुटांच्याही खाली आहे. ऐन थंडीत दुपारी साठ-सत्तर फॅरनहाइट, रात्री चाळिशीत. एखादी रात्र गोठणबिंदूला टेकते. तेवढ्यापुरता पाण्याचा होस काढून, निथळून आत ठेवला की भागतं.

राहायचं कुठे? पैसे मोजून आरव्ही पार्कात, म्हणजे मोटरहोमच्या तळावर, जाता येतं. तिथे वीज, पाणी, ड्रेनेज सगळं दारात, आणि शेजाऱ्याचा टीव्हीसुद्धा. दुसरं टोक म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) या सरकारी खात्याची फुकट जमीन. प्लोमोसा रोड, डोम रॉक, स्कॅडन वॉश ही त्यातली सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं. तिथे 28 दिवसांत फक्त 14 दिवस राहता येतं, मग मुक्काम हलवायचा. आणि पाणी, कचरा, डंप (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) यांतल्या कशाचीच सोय नाही. नवख्यांना मी मधला रस्ता सुचवतो, बीएलएमचाच ला पोसा हा दीर्घ मुक्कामाचा भाग. गावाला लागूनच, हायवे 95 वर. हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. एकदा परवाना काढला की हंगामभर राहा, आणि त्याच परवान्यावर युमाजवळच्या इंपीरियल डॅमलाही जा. पूर्ण हंगामाचे 180 डॉलर आणि 14 दिवसांचे 40 असा दर वर्षानुवर्षं होता. दर बदलतात, तेव्हा निघण्याआधी ताजा दर बघून घ्या. वीज नाही, आखलेल्या जागा नाहीत. पण पिण्याचं पाणी, डंप स्टेशन आणि कचऱ्याचे डबे आहेत, आणि पहिल्या वर्षी तेवढंच लागतं.

आखलेल्या जागा नाहीत म्हटल्यावर आपली मंडळी काय करतात हे मी पुष्कळदा पाहिलंय. मैलभर मोकळं मैदान पसरलेलं, त्यात एक मोटरहोम उभं, आणि आपण जाऊन बरोबर त्याच्या शेजारी लावतो. सोबत असलेली बरी, हा आपला हिशेब. इथे तो उद्धटपणा समजला जातो. नियमातलं किमान अंतर थोडंच आहे, रिवाजातलं बरंच मोठं. आपला जनरेटर त्यांना ऐकू येणार नाही आणि त्यांच्या दारासमोरचा डोंगर आपल्यामुळे झाकला जाणार नाही, इतकं लांब थांबा. ओळख आपोआप होते. संध्याकाळी खुर्च्या बाहेर आल्या की कुणीतरी हात करतंच.

गाडीचं नाक पूर्वेला करून लावा. अमेरिकन मोटरहोमचं दार आणि ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत) उजव्या अंगाला असतात, म्हणजे ती बाजू दक्षिणेला येते आणि दिवसभर ऊन मिळतं. हिवाळ्यातला वारा बहुतेक उत्तरेचा, तो गाडीच्या डाव्या अंगावर बसतो आणि तुमची खुर्ची आडोशाला राहते. ऑनिंग उघडी टाकून बाजाराला जाऊ नका, दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही. इथला वारा सांगून येत नाही. आणि वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कधीही मुक्काम करू नका. जागा सपाट असते, वाळू मऊ असते, झाडांची सावलीही तिथेच असते. पण पाऊस लांबच्या डोंगरात पडतो आणि पाणी इथे येतं. बॅरिकेड ओलांडून भरल्या पाण्यात गाडी घातली आणि बाहेर काढावं लागलं, तर सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल करायचा कायदा अ‍ॅरिझोनात आहे.

आता टाक्या. इथे तुमची दिनचर्या घड्याळ नाही, टाक्या ठरवतात. दोघांना दिवसाला आठ-दहा गॅलन पाणी पुरतं, पण ती सवय अंगी लागायला दोन आठवडे जातात. नळ चालू ठेवून भांडी विसळणं पहिल्या दिवसापासून बंद. गॅलन संपतात हे एक, आणि दुसरं म्हणजे ग्रे टँक, म्हणजे धुण्याभांड्यांच्या सांडपाण्याची टाकी, तुमच्या अंदाजाच्या निम्म्या वेळात भरते. फोडणीचं तेल त्या टाकीत गेलं तर आतल्या सेन्सरवर थर चढतो आणि टाकी रिकामी असतानाही काटा भरलेली दाखवतो. म्हणून कढई, ताटं आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. हे पाणी जमिनीवर सोडायचं नाही. ‘नुसतं साबणाचंच तर आहे’ हे रेंजर ऐकून घेत नाही.

ब्लॅक टँकबद्दल, म्हणजे संडासाच्या टाकीबद्दल, लोक फोनवर आवाज खाली आणून विचारतात, तर इथे सरळच लिहितो. आपण कागदावर भागवत नाही, पाणी लागतं. ते वाईट नाही, उलट चांगलंच. ब्लॅक टँकमध्ये पाणी भरपूर असलं की घट्ट मळ तळाशी साचून राहत नाही. फक्त हिशेब ठेवा, ते पाणी पिण्याच्या टाकीतूनच येतंय. झडप उघडी ठेवू नका. टाकी बरीच भरली की आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे होस आपसूक धुतला जातो. गाडी हलवायचा कंटाळा असेल तर जागेवर येऊन टाकी उपसून नेणारा टँकर मिळतो. लोक त्याला हनी वॅगन म्हणतात.

फोडणी बाहेर करा. टेबल, प्रोपेनची शेगडी, वाऱ्याला आडोसा. आत केलीत तर स्मोक अलार्म पहिल्याच मिरचीला बोंबलतो आणि हिंगाचा वास पडद्यांतून मार्चपर्यंत जात नाही.

विजेचं थोडक्यात. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण 1,280 वॉट-अवर. इलेक्ट्रिक कुकरला हजार वॉट लागतात, म्हणजे एका डाळ-भातात पाचवा हिस्सा गेला. त्यापेक्षा घरचा शिट्टीचा कुकर गॅसवर लावा. मिक्सर दोन मिनिटांचं काम, तो खुशाल चालवा, पण इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. डिसेंबरात सूर्य खालून जातो आणि दिवस दहाच तासांचा, तेव्हा सौर पॅनल कलते करता आले तर फरक कळतो. जनरेटर रात्री 10 ते सकाळी 6 बंद.

रोज बॉनेट उघडून बघायचं. इथला पॅक रॅट हा उंदीर दिसायला गोंडस, मोठ्या डोळ्यांचा, आणि एका रात्रीत इंजिनावर घर बांधतो: काटेरी चोया निवडुंगाचे तुकडे, क्रिओसोटच्या झुडपाच्या काड्या, कुणाचा तरी चमचा, मधोमध तुमच्याच इन्सुलेशनचा मऊ बिछाना. वायरी कुरतडतो तो वेगळाच. अनुभवी लोक रात्री बॉनेट उघडं ठेवून खाली दिव्यांची माळ लावतात. लांबून वाटतं, यांची दिवाळी अजून संपलेली नाही.

तब्येतीचं एक महत्त्वाचं. अ‍ॅरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते, ती धुळीबरोबर श्वासातून गेली की व्हॅली फीव्हर होऊ शकतो. एकापासून दुसऱ्याला लागत नाही. पुष्कळांना काहीच जाणवत नाही; काहींना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, कमालीचा थकवा येतो. मधुमेह असेल तर हा आजार बळावण्याचा धोका जास्त, आणि आपल्यात मधुमेह घरोघरी. धूळ उडाली की आत या, खिडक्या लावा. घरी परतल्यावर खोकला लांबला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘हिवाळा अ‍ॅरिझोनात काढलाय.’ नाहीतर तिकडचे डॉक्टर साधा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देत बसतात, आणि बुरशीवर ती चालत नाहीत. मोठ्यांनी मेडिकेअर, म्हणजे वयस्करांचा सरकारी आरोग्य विमा, तोही तपासावा: ओरिजिनल मेडिकेअर देशभर चालतं, खासगी कंपन्यांच्या अ‍ॅडव्हांटेज प्लॅनचं नेटवर्क मात्र बहुतेक घराजवळचंच असतं.

अ‍ॅरिझोना घड्याळ बदलत नाही, त्यामुळे भारताशी साडेबारा तासांचं अंतर कायम राहतं. सकाळी आठला फोन लावला की पुण्यात रात्रीचे साडेआठ. फोनने नदीपलीकडच्या कॅलिफोर्नियाचा टॉवर पकडला तर हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे जातं. गोळ्यांच्या वेळा भिंतीवरच्या घड्याळावर ठेवा.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. युमाहून हायवे 95 ने उत्तरेला येताना बॉर्डर पेट्रोलचा नाका लागतो. ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) असेल तर ते अंगावर बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे, फोनमधला फोटो चालत नाही. घर विकून कायमचेच मोटरहोमात आलात आणि अजून नागरिक झाला नसाल, तर पत्ता बदलल्यापासून 10 दिवसांत यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे एआर-11 हा पत्ताबदलाचा फॉर्म भरावा लागतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असून वाळवंटातून काम करायचा बेत असेल तर आधी वकिलाशी बोला. कामाची जागा बदलणं ही त्या व्हिसात किरकोळ बाब नाही. दात करायला सगळे युमाजवळून चालत मेक्सिकोतल्या लोस अल्गोदोनेसला जातात. तुम्हीही जा, पण भारतातून आलेल्या आईवडिलांना बरोबर न्यायचं असेल तर त्यांच्या व्हिसाची मुदत आणि आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आधी बघा. हंगामात परतीची रांग लांबलचक असते, म्हणून सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत परत या.

गावाची कायम वस्ती अडीच हजारांच्या आत, पण जानेवारी-फेब्रुवारीत आरव्ही शो आणि खडे-खनिजांच्या बाजारांना तुडुंब गर्दी होते. पेट्रोल, लाँड्री, किराणा सकाळीच उरकून घ्या. स्मशानभूमीत हाय जॉलीचा दगडी पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. हाय जॉली म्हणजे हाजी अली. तो 1856 मध्ये अमेरिकन सैन्याच्या उंटांबरोबर इकडे आला आणि 1902 मध्ये इथेच वारला. एवढ्या लांबून येऊन याच वाळवंटात राहिलेल्याला भेटायला जा, पाच मिनिटांचा रस्ता आहे.

आणि एक, जे दर हंगामात कुणीतरी विचारतंच. नदी ओलांडून ब्लाइदला जाताना कॅलिफोर्नियाचा कृषी तपासणी नाका लागतो. कढीपत्त्याच्या रोपावर लिंबू-संत्र्याच्या बागांना घातक असा किडा राहतो, त्यामुळे ते रोप तिथे अडकतं. अंगणातली लिंबं घेऊन निघालात तर तीही. रोप फीनिक्सला ओळखीच्या घरी ठेवा. भारतीय किराण्यासाठी तसंही दोन तास गाडी हाकत तिकडे जावंच लागतं, तेव्हा पानं खुडून आणा.