मोठ्या रिमोट बोटीत सुकाणूचा सर्व्हो बसवताना

सर्व्हो म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यानुसार ठरावीक कोनात वळणारी छोटी मोटर. सर्व्होचा हात, म्हणजे सुकाणूकडे जाणारी दांडी जिला जोडतात ती पट्टी, बसवण्याआधी रिमोट आणि रिसीव्हर सुरू करून ट्रिम (मध्य किंचित सरकवण्याची रिमोटवरची सोय) शून्यावर आणावी, म्हणजे सर्व्हो १५०० मायक्रोसेकंद लांबीच्या सिग्नल-स्पंदाच्या मध्यस्थितीत स्थिरावतो. त्यानंतरच हात दांडीशी काटकोनात येईल अशा, सर्व्होच्या आसावरील दात्यावर बसवून स्क्रू आवळावा. थोडा फरक उरलाच, तर तो सबट्रिमने (रिमोटच्या सेटिंगमधून मध्य सरकवण्याच्या सोयीने) झाकण्यापेक्षा दांडीची लांबी बदलून काढणे मला अधिक योग्य वाटते. सुकाणू प्रत्येक बाजूला सुमारे ३५ अंश वळले की पुरे, कारण त्यापुढे ते बोट वळवण्यापेक्षा अडवतेच जास्त. पूर्ण वळणावर सर्व्हो सतत गुणगुणत राहिला, तर दांडी कुठेतरी अडकते आहे असे समजून एंड पॉइंट (रिमोटमध्ये ठरवलेली वळणाची कमाल मर्यादा) कमी करावा. ताकदवान सर्व्होला स्वतंत्र बीईसीमधून (बॅटरीचा दाब कमी करून स्थिर वीज देणाऱ्या सर्किटमधून) वीज द्यावी. रिसीव्हरची ऋण तार मात्र बीईसीच्या ऋण तारेशी जोडलेलीच ठेवावी.